११ लिटरचं कॅबिनेट आणि पुण्याचा एप्रिल

भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मामा, आत पाणी फिरवलं म्हणजे मशीन गार राहणार ना?” कोथरूडच्या फ्लॅटमधली त्याची खोली पश्चिमेकडची, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिलमध्ये दुपारी चारला तिथे ३६ अंश सहज असतात. त्याला म्हटलं, खोलीतली हवाच ३६ अंशांवर असेल तर पंख्यांनी कितीही वारा घातला तरी नळ्यांमधलं पाणी ३६ च्या खाली जाणार नाही. पाणी उष्णता उचलतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं, त्याचं काम तेवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की छोटा वॉटर-कूल्ड गेमिंग पीसी असेंबल करतानाचे बरेचसे निर्णय सोपे होतात. नाही बसलं तर महागडे पार्ट आणूनही मशीन तापत राहतं.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हे सांगायला वेळ लागत नाही. बंबाच्या मधोमध नळकांडं, त्यात जाळ, आणि भोवती पाणी. मधली तांब्याची भिंत जाळाची उष्णता पटकन पाण्यात सोडते. वॉटर ब्लॉक म्हणजे तळहातात मावेल एवढा बंबच, जाळाच्या जागी प्रोसेसर. खालची तांब्याची चकती प्रोसेसरला टेकलेली असते, तिच्या आतल्या बाजूला अगदी बारीक खाचा पाडलेल्या असतात आणि त्या खाचांमधून पाणी सतत वाहत असतं. तांबं निवडण्याचं कारणही जुनंच आहे. उष्णता वाहून नेण्यात ते अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेले बंब याच गुणावर चालत आले. फरक असा, की बंबातलं पाणी तापवून साठवायचं असतं आणि इथलं पाणी तापलं की लगेच पुढे सरकवायचं असतं.

आणि हवेऐवजी पाणी कशाला? १ लिटर पाणी १ अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ ३,५०० लिटर हवा १ अंशाने तापते. बोटाएवढ्या नळीतून पाणी जी उष्णता घेऊन जातं, ती नुसत्या हवेने न्यायची तर प्रोसेसरवर भलामोठा हिटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा), मोठे पंखे आणि त्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये ती जागा असते, आणि तुमच्या टेबलाखाली तसं कॅबिनेट मावत असेल तर मी सरळ सांगेन की चांगला एअर कूलर घ्या आणि पाण्याच्या नादी लागू नका. छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र प्रोसेसरच्या डोक्यावर जागाच नसते. तिथे उष्णता नळीने उचलून कॅबिनेटच्या कडेला न्यायची आणि बाहेरच्या हवेत सोडायची, हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो.

ती सोडण्याचं काम रेडिएटरचं, आणि सगळा खेळ खरं तर तिथेच आहे. चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक २०० चालवत असाल तर पुढच्या चाकामागचा रेडिएटर पाहिला असेल. गाडी वेगात असते तोवर वारा आपोआप लागतो. चांदणी चौकात गर्दीत अडकलात की वारा थांबतो, मग रेडिएटरमागचा पंखा सुरू होतो आणि गुडघ्यांना गरम झळ लागते. पाणी तेवढंच, इंजिन तेच, पण उष्णता टाकून यायला हवा कमी पडली की सगळं अडतं.

घरच्या लूपचा, म्हणजे पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि टाकी यांतून गोल फिरणाऱ्या पाण्याचा, हिशोब मांडून बघा. सगळं मिळून अर्धा लिटर पाणी आहे आणि खेळताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता त्यात सोडतायत. रेडिएटरचे पंखे बंद ठेवले तर पाणी दर ५ सेकंदांनी साधारण १ अंश चढेल. ३६ वरून ६० वर पोचायला दोन मिनिटं पुरे, आणि ६० अंश ही बऱ्याच पंपांना व कूलरना चालणारी पाण्याची वरची मर्यादा आहे. टाकी मोठी घेतली तर ही दोन मिनिटं चार होतील, बाकी काही बदलणार नाही. म्हणून दिसायला सुंदर, मोठ्या रिझर्व्हॉयरवर पैसे घालू नका, ते रेडिएटर आणि पंख्यांवर घाला.

तापमान एका जिन्यासारखं चढतं. तळाची पायरी खोलीची. तिच्या वर काही अंश पाणी, पाण्याच्या वर काही अंश चिप. माझ्या स्वतःच्या १८ लिटरच्या मशीनमध्ये पूर्ण लोडवर पाणी खोलीपेक्षा १३ अंश वर असतं आणि प्रोसेसर पाण्यापेक्षा २८ अंश वर. डिसेंबरमध्ये खोली २२ अंशांवर, म्हणजे पाणी ३५ आणि प्रोसेसर ६३. एप्रिलमध्ये तीच खोली ३६ वर गेली की पाणी ४९ आणि प्रोसेसर ७७. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं, तळाची पायरीच १४ अंश वर सरकलेली असते. परदेशातल्या व्हिडिओत २१ अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे पाहून कूलर निवडला की इथे निराशा होते ती यामुळेच.

रेडिएटरचा आकार त्याच्यावर बसणाऱ्या पंख्यांवरून सांगतात. २४० म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन, २८० म्हणजे १४० चे दोन. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. २४० चं क्षेत्रफळ २८८ चौरस सेंटिमीटर, २८० चं ३९२ आणि ३६० चं ४३२. म्हणजे दोनच पंख्यांचा २८० हा ३६० च्या बराच जवळ जातो आणि लांबीला ८ सेंटिमीटर कमी लागतो. छोट्या कॅबिनेटमध्ये २८० बसत असेल तर मी डोळे मिटून तोच घेतो. पंखे निवडताना मात्र नुसता किती वारा फेकतात हे न बघता जाळीतून वारा रेटण्याची ताकद, म्हणजे स्टॅटिक प्रेशर, बघा. मोकळ्यावर भरपूर वारा देणारा पंखा दाट फिन्सच्या, म्हणजे दाटीने बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या, रेडिएटरसमोर दमतो.

आता छोटं म्हणजे किती, ते बघू. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार येतो ना, साधारण त्याच्या आतल्या आकारमानाचं कॅबिनेट असेल तर त्याला छोटं म्हणतात. कूलर मास्टरचं एनआर२०० हे १८ लिटरच्या आसपास आहे, लियान लीचं ए४-एच२ओ तर ११ लिटरचं, म्हणजे पाच लिटरचे दोन कुकर शेजारी ठेवले तर होतील जेमतेम एवढं. भाच्याने हट्टाने ११ लिटरचं घेतलं, कारण टेबलावर अभ्यासाच्या पुस्तकांनाही जागा हवी होती. एवढ्याशा जागेत बसणारा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. हा आकार २००१ मध्ये व्हीआयए कंपनीने आणला. त्यावर ग्राफिक्स कार्डसाठी एकच स्लॉट आणि बहुधा रॅमसाठी दोनच. एसएमपीएसही, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, नेहमीच्या एटीएक्स आकाराचा चालत नाही, धाकटा एसएफएक्स लागतो. ११ लिटरच्या रचनेत ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि दोघांना जोडायला रायझर केबल लागते.

खरेदीआधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून बघा, हे मी कळकळीने सांगतो. कॅबिनेटच्या वेबसाइटवर कार्डाची कमाल लांबी, जाडी, रेडिएटर आणि पंखे मिळून किती जाडी चालेल, हे सगळं मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. साधारण रेडिएटर २७ मिलिमीटर जाड आणि साधा पंखा २५, म्हणजे झाले ५२. जिथे ५५ मिलिमीटर मिळतात तिथे हे बसतं, पण ३० मिलिमीटरचा रेडिएटर घेतला तर एसएमपीएसच्या वायरी पंख्याच्या पात्यांना लागतात. मदरबोर्डच्या वायरींचा वळणाचा फुगवटा कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो, तो पुठ्ठ्यावरच कळतो. भाच्याच्या मशीनसाठी दोन संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, कात्री आणि पट्टी घेऊन काढल्या, आणि नंतर एकही पार्ट परत करावा लागला नाही.

उष्णता कोण किती करतं, याची लोकांची कल्पना बहुतेकदा उलटी असते. पाण्याची चर्चा प्रोसेसरभोवती फिरते, पण खेळताना खरी भट्टी ग्राफिक्स कार्डात असते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचं कार्ड, ५०८० हे ३६० चं आणि ५०९० तब्बल ५७५ चं. त्यासमोर एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १२० वॅटचा आहे आणि खेळताना त्याहून बराच कमी घेतो. नुसत्या प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावला तर घरातल्या धाकट्या भट्टीची सोय झाली, थोरली तशीच राहिली.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली तयार कूलरची. त्याला एआयओ म्हणतात: पंप, ब्लॉक, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यातच जोडून, पाणी भरून, बंद करून येतं. तो प्रोसेसरला लावायचा आणि ग्राफिक्स कार्डाला त्याच्याच पंख्यांवर ठेवायचं, फक्त कार्डाचे पंखे कॅबिनेटच्या जाळीला अगदी खेटून, थेट बाहेरची हवा ओढतील असे बसवायचे. दुसरी वाट कस्टम लूपची. पंप, टाकी, ब्लॉक, नळ्या, जोड सगळं सुटं घ्यायचं आणि एकाच पाण्यावर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही चालवायचं. त्यासाठी कार्डाचा मूळ हिटसिंक उतरवावा लागतो, वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्या लागतात, आणि ब्लॉक नेमक्या त्याच कार्डाच्या त्याच आवृत्तीसाठी बनलेला असावा लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी एआयओच सुचवतो. कस्टम लूप मी केला आहे, अजूनही वापरतो, त्याची शांतता मला फार आवडते. पण त्याला महिनाभराचा संयम आणि सुट्या पार्टसाठी बहुतांशी ऑनलाइन ऑर्डरवर अवलंबून राहण्याची तयारी लागते. तपकीर गल्लीत वायर, जंपर, थर्मल पेस्ट, पंखे मिळून जातात, बोहरी आळीत हत्यारंही. पाव इंची आट्यांचे कॉम्प्रेशन जोड मात्र मला तिथे सापडले नाहीत.

एआयओ बसवताना एकच चूक वारंवार होते, ती पंपाच्या जागेची. बंद नळ्यांमध्येही थोडी हवा असतेच, आणि नळीच्या भिंतीतून पाणी वर्षानुवर्षं अगदी हळू उडत असल्याने ती वाढत जाते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असेल तर पंप बुडबुडे चघळतो, खरखर आवाज येतो आणि त्याचं आयुष्य घटतं. म्हणून रेडिएटरचा निदान वरचा भाग तरी पंपापेक्षा उंच हवा. सगळ्यात उत्तम म्हणजे रेडिएटर कॅबिनेटच्या छतालाच लावणं. आणि हो, चकतीवरची पातळ प्लॅस्टिक फिल्म सोलून मगच ती बसवा. प्रोसेसर आणि चकतीमध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. तिचं काम दोन धातूंमधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या फटींतली हवा हटवण्याचं असतं, जाड लेप दिला की उलट अडथळा होतो.

कस्टम लूपवाल्यांमध्ये, पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की कार्डाकडे, यावर तासन्‌तास वाद चालतात. मिनिटाला २ लिटर पाणी फिरत असेल आणि ४०० वॅट त्यात पडत असतील तर लूपमधल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार जागेतला फरक ३ अंशांच्या आत राहतो. त्यामुळे नळ्या जिथून कमीत कमी वळणांनी जातील तो क्रम ठेवावा. एकच क्रम मोडू नये: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वर, म्हणजे पंप कधी कोरडा पडत नाही.

धातूंच्या बाबतीत मात्र मला चांगलाच धडा मिळाला. माझ्या पहिल्या लूपमध्ये एका विक्रेत्याकडून स्वस्तात आलेला रेडिएटर तांब्याचा म्हणून घेतला होता. तीन महिन्यांत पाणी राखाडी झालं आणि ब्लॉकच्या खाचांत चिखलासारखा थर बसला. रेडिएटर अॅल्युमिनियमचा निघाला. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात बुडले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. एआयओमध्येही बऱ्याचदा हेच दोन धातू असतात, पण तिथे गंजरोधक मिसळून लूप कायमचा बंद केलेला असतो. आपण स्वतः जोडणार असू तर तांबं, पितळ आणि निकेल यांतच राहावं.

पाणी नळाचं नको. टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत गीझरची कॉइल कशी पांढरी होते ते आपण पाहतो, केसाएवढ्या खाचांत तोच थर बसला तर काय होईल याची कल्पना करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं कॉन्संट्रेट मिसळावं, किंवा सरळ तयार कूलंट घ्यावं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही म्हणून गळती झाली तरी धोका नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धातू आणि धूळ यांना लागून आलेलं पाणी शुद्ध राहिलेलं नसतं.

म्हणून गळतीची चाचणी मशीनला वीज देण्याआधी. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर (मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू करणारी छोटी जोडणी) लावायचा, त्याला फक्त पंप जोडायचा, मदरबोर्ड आणि कार्डाच्या वायरी लांब. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. जोड हातानेच घट्ट करायचे, पाना लावला की आतली रबराची ओ-रिंग चिरडते. पंप सुरू करून कॅबिनेट हळूहळू डावीकडे, उजवीकडे कलतं करायचं, बुडबुडे टाकीकडे येऊ द्यायचे, पाणी कमी झालं की पंप थांबवून भरायचं. मी हे पूर्ण २४ तास चालवतो. पहिल्या वेळी अठराव्या तासाला एका टिश्यूवर चवलीएवढा ओला डाग आला होता. आधीच थांबलो असतो तर तो थेंब कार्डावर पडला असता.

ही तंत्रं घरगुती वाटली तरी मोठ्या मशीन्सचं कामही याच मार्गाने चालतं. पाषाणजवळच्या आयसर पुणे संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढली जाते. सी-डॅकने १९९१ मध्ये ज्या शहरात परम ८००० उभा केला, त्याच शहरात आज एखादं पोर अभ्यासाच्या टेबलावर तीच कल्पना राबवतंय, याचा मला मनापासून आनंद होतो.

पुण्याच्या उन्हाळ्याला सगळ्यात स्वस्त उत्तर सेटिंगमध्ये आहे. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, थोडं अंडरव्होल्ट केलं, म्हणजे चिपला जरा कमी व्होल्टेज दिलं, तर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) फार थोड्या घटतात आणि उष्णता बरीच कमी होते. ११ लिटरमध्ये मोठा रेडिएटर कोंबण्यापेक्षा कमी तापणारं कार्ड घेणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. भाच्याला ५०८० हवं होतं. ५०७० वर तयार झाला, कारण उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर आला.

४०० वॅट म्हणजे खोलीत चार माणसं जास्तीची बसल्यासारखं आहे. दार-खिडकी बंद करून दोन तास खेळलात तर खोली तापणार, आणि जिन्याची तळाची पायरी आणखी वर जाणार. एक खिडकी उघडी, पीसीची तप्त हवा तिच्या दिशेने, एवढं केलं तरी फरक दिसतो. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा साधा डेझर्ट कूलर खोली उतरवतो, त्याचा पीसीला फायदाच आहे, फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, कारण त्यातून उडणारे थेंब आणि क्षार जाळीत बसतात. भिंतीच्या प्लगवर पूर्ण मशीन ५०० वॅट घेत असेल तर रोज चार तासांत २ युनिट, महिन्याला ६०. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दराचा टप्पा बदलतो, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. वीज जाण्याची भीती पाण्यामुळे वाढत नाही, कारण पंप आणि प्रोसेसर एकदमच बंद पडतात. यूपीएस घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचा, आजचे काही एसएमपीएस साध्या यूपीएसवर बंद पडतात.

भाच्याचा पीसी मार्चअखेर उभा राहिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ३६ अंशांच्या खोलीत तासभर खेळून झाल्यावर त्याच्या एआयओमधलं पाणी ४६ वर आणि प्रोसेसर ७४ वर स्थिरावला. तो “७४” लिहायला निघाला होता. मी त्याला खोली आणि पाणी यांतला फरक लिहायला सांगितला, १० अंश, तारखेसकट, कॅबिनेटच्या मागच्या पट्टीवर पेन्सिलने. खोलीचं तापमान ऋतूप्रमाणे बदलेल, पण हा फरक तोच खेळ, तोच लोड आणि तोच पंख्यांचा वेग असताना बदलायला नको. समोर बांधकाम चालू आहे, सिमेंटची बारीक धूळ दिवसभर खिडकीतून येते. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा मोजायचं. १३-१४ झाला असेल तर रेडिएटरच्या फिन्समध्ये धूळ अडकली आहे: पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची आणि मऊ ब्रशने, आतून बाहेर झाडायचं. फिन्स स्वच्छ असूनही फरक वाढलेलाच राहिला आणि पंपातून खरखर ऐकू येऊ लागली, तर पाणी कमी झालंय किंवा पंप दमलाय, आणि मग एआयओची वॉरंटीची तारीख शोधायची.